चातुर्मासात उभी राहणारी मोटारसायकल

आषाढी पौर्णिमा जवळ आली की पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील गावांतून साधु-साध्वींच्या चातुर्मास-प्रवेशाच्या वार्ता येऊ लागतात. पावसाळ्यात वाटेवर हिरवळ उगवते, सूक्ष्म जीव मातीच्या वर येतात; पावलागणिक हिंसा घडू नये म्हणून त्यागी मंडळी चार महिने एका ठिकाणी स्थिर होतात. श्रावकांपैकी कित्येक जण आपापल्या शक्तीनुसार त्याचेच लहान रूप स्वीकारतात. कोणी तालुक्याबाहेर न जाण्याचा नियम घेतो, कोणी पर्वतिथींना वाहनात न बसण्याचा, तर कोणी चारही महिने स्वतः वाहन न चालविण्याचा. नियमाची चर्चा व्याख्यानात होते, घरात होते. त्या नियमामुळे चार महिने उभी राहणाऱ्या मोटारसायकलीचा विचार मात्र सहसा कार्तिकात होतो, बटन दाबूनही इंजिन हूं की चूं करीत नाही तेव्हा.

युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत मोटारसायकलीला विश्रांती देण्याचे एक शास्त्रच बनले आहे. तेथे ती हिवाळ्यात उभी राहते. बर्फ, गोठण आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ यांपासून तिला जपावे लागते. जर्मनीत तर ठराविक महिनेच चालणाऱ्या वाहनांसाठी मोसमी नंबरपट्टी मिळते आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत गाडी रस्त्यावर येईल हे त्या पट्टीवरच छापलेले असते. ज्या घरांतील मुले तिकडे नोकरी-व्यवसायासाठी गेली आहेत त्यांना हे ठाऊक असेल. महाराष्ट्रात हिवाळा हा उलट फिरण्याचा ऋतू. येथील मोटारसायकलीचा खरा विश्रांतिकाळ म्हणजे पावसाळा आणि तिचा शत्रू थंडी नसून ओल. तिकडची पथ्ये जशीच्या तशी उचलून चालत नाहीत ती यामुळेच.

भीमाकाठच्या वढू बुद्रुकचे उदाहरण घ्यावे. शिरूर तालुक्यातील हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. फाल्गुन अमावास्येला बलिदानदिनी येथे दूरदूरहून लोक येतात आणि त्यांत मोटारसायकलीवरून आलेल्या तरुणांची संख्या मोठी असते. एरवीही या परिसरात मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. महामार्ग कोरेगाव भीमाला; शिक्रापूरची बँक, बाजार, दवाखाना, रांजणगावची औद्योगिक वसाहत, सगळीकडे दुचाकीनेच जायचे. हा भाग पर्जन्यछायेतला आहे, लोणावळ्यासारखी संततधार येथे नसते. पण येथला मोठा पाऊस पुष्कळदा उशिरा, भाद्रपद-आश्विनात येतो. म्हणजे गाडी उभी करून दोन-अडीच महिने झाले, घरच्यांचे लक्ष उडाले, की मग ओल शिगेला पोहोचते.

गाडी कशी ठेवावी हे ठरविण्याआधी नियम कसा घेतला आहे हे पाहणे आवश्यक आहे. प्रत्याख्यानात आगार, म्हणजे आधी ठरवून ठेवलेली सवलत असते, हे प्रत्येक श्रावकाला माहीत आहे. आजारपण, अपघात, घरातील वृद्धांची अडचण यांसाठी वाहनाची सूट ठेवली असेल तर ती गाडी पूर्णपणे निजवून चालणार नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तरीही रात्री दोन वाजता औषधासाठी शिक्रापूर गाठायचे असेल आणि बॅटरी काढून माळ्यावर ठेवलेली असेल, तर ती सूट केवळ कागदावरच राहते. अशा घरात बॅटरी जागेवर, टाकीत पेट्रोल आणि चाकांत हवा हवीच. नियम फक्त वडिलांचा असेल आणि गाडी मुलगा चालवीत असेल, तर प्रश्नच उरत नाही. आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर सलग धावणारी गाडी सहसा बिघडत नाही. पुढील सर्व विवेचन त्या गाडीसाठी आहे जिला खरोखरच आषाढ ते कार्तिक कोणी हात लावणार नाही.

सर्वांत मोठी चूक जागेची होते, आणि ती व्यापारी घरांतच अधिक होते. पुढे दुकान, मागे घर, बाजूला वखार अशी खेड्यातील पेढीची रचना. पावसात कोरडी जागा म्हणजे वखार, म्हणून गाडी पोत्यांच्या थप्पीशेजारी जाते. कोरडेपणाच्या दृष्टीने हे बरोबर वाटते. पण वखारीत काय भरले आहे यावर सारे अवलंबून आहे. मिठाची पोती असतील तर हवेतील ओल शोषून त्यांना पाझर फुटतो आणि त्या खारट ओलीने लोखंड आठवड्यांत तांबारते. युरिया, पोटॅश यांसारखी खतेही हीच गोष्ट करतात. विलायतेत रस्त्यावरच्या मिठाला भिऊन गाडी घरात आणतात आणि येथे तीच गाडी पोटॅशच्या थप्पीला टेकवून ठेवली जाते. गुळाच्या ढेपा असतील तर मुंग्या आल्याच. गोठ्यालगतची पडवी सोयीची वाटते, परंतु गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेच्या भागांना खातो.

धान्याच्या वखारीची गोष्ट निराळी आणि अधिक गंभीर. साठवणुकीत धान्याला अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लावण्याची रीत बाजारात सर्रास आहे. त्या गोळीतून निघणारा फॉस्फीन वायू किड्यांनाच नव्हे, माणसालाही प्राणघातक असतो. अनेक जैन पेढ्या ही गोळी वापरीत नाहीत; परंतु वखार भाड्याने दिली असेल तर भाडेकरू काय वापरतो याची चौकशी करावी. हाच वायू तांबे, पितळ आणि चांदी यांनाही गंजवितो. मोटारसायकलीतील साऱ्या तारा तांब्याच्या, जोडण्या पितळेच्या. वायू दिलेल्या वखारीत चार महिने राहिलेल्या गाडीचे दिवे, हॉर्न आणि इंजिनावर देखरेख करणारा इलेक्ट्रॉनिक भाग एकामागून एक दगा देऊ लागतात आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. गाडीचा उपद्रव मालालाही होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. बंद वखारीत जमिनीवर ठेवलेला दिवा किंवा उदबत्ती अशा वेळी धोक्याची ठरते. आग लागली नाही तरी चहा, मसाले, पीठ आणि डाळी तो वास ओढून घेतात, आणि एकदा वास लागलेले पोते गिऱ्हाईक परत करते. म्हणून गाडीची जागा वखारीत नसावी. दोन बाजूंनी हवा खेळणारी पडवी, जिन्याखालची फरसबंद जागा किंवा पत्र्याची स्वतंत्र शेड बरी. खाली माती असेल तर विटांवर फळी टाकून त्यावर चाके घ्यावीत. अंगावर प्लास्टिकचा कागद टाकू नये; तो बाहेरचे पाणी अडवितो आणि आतली वाफही अडवितो, त्यामुळे गाडीला रोज पहाटे आतून दव पडते. जुनी सुती चादर किंवा पलंगपोस पुरे.

या सर्व दक्षतेवर ज्येष्ठांचा एक आक्षेप ठरलेला असतो: पूर्वी गाडीवर पोते टाकून ती कोपऱ्यात लावीत, दिवाळीनंतर काढीत, आणि ती चालू होत असे. आक्षेप खरा आहे, परंतु ती गाडी वेगळी होती. १९७२ साली फिरोदिया परिवाराच्या कायनेटिकने बाजारात आणलेली लूना नगर रस्त्यावरील कित्येक दुकानांचे पहिले वाहन ठरली. जैन समाजातील एका उद्योजक घराण्याने छोट्या दुकानदाराच्या हाती दिलेली ती गाडी म्हणजे सायकलीची थोरली बहीण. तिला बॅटरी नव्हती. पायडल मारले की इंजिन चालू. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे, त्यामुळे इंजिनाच्या आतील भागांवर तेलाचा पातळ थर आपोआप राही. पेट्रोलही निव्वळ पेट्रोलच होते. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

आजच्या गाडीत यांतील प्रत्येक गोष्ट बदलली आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी विद्युत यंत्रणा आली. अनेक नमुन्यांतून किकही गेली. बॅटरी मेली की गाडी संपली. आणि टाकीत जे येते तेही निव्वळ पेट्रोल नाही. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून आणि मळीपासून होते, आता मक्यापासूनही. म्हणजे शिरूर-दौंडच्या मळ्यांत पिकणारा ऊस आणि भुसार बाजारात उतरणारा मका हीच त्याची घराणी. शेतकऱ्याला त्यातून दाम मिळतो ही गोष्ट चांगली. पण इथेनॉल पाणी ओढते.

अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा. दिवसा टाकी तापते, रात्री निवते. प्रत्येक वेळी ओलसर हवा थोडी आत येते आणि तिच्यातील पाणी इथेनॉल शोषून घेते. ते प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून विलग होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला इंधन तळातूनच जाते. वर कोरड्या पत्र्याला गंज चढतो तो वेगळाच. यावर उपाय सोपा आहे. नियम सुरू होण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत, जेथे रोज पुष्कळ विक्री होते अशा पंपावरून ताजे पेट्रोल घेऊन टाकी जवळजवळ भरावी. गळ्यापर्यंत नव्हे, तापल्यावर फुगण्यास थोडी जागा ठेवावी. फ्युएल स्टॅबिलायझर या नावाने बाटलीत मिळणारे द्रव्य बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून पाच-दहा मिनिटे गाडी चालवावी, म्हणजे ते सर्व नळ्यांत पोहोचते. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा थर राहतो. कार्तिकात मेकॅनिक कार्बोरेटर उघडून साफ करतो तो याच डिंकामुळे. पेट्रोल काढून कॅनमध्ये भरून घरात ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. भरलेल्या टाकीपेक्षा तो कॅन कितीतरी अधिक घातक असतो.

बॅटरीविषयी दोन गैरसमज आहेत. पहिला असा की गाडी बंद असली म्हणजे बॅटरी खर्च होत नाही. ती स्वतःहून हळूहळू उतरते, शिवाय घड्याळ, चोरसूचक घंटी व इलेक्ट्रॉनिक भाग बंद गाडीतही थोडी वीज घेतच राहतात. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्यातील पट्ट्यांवर गंधकाचे क्षार कठीण होऊन बसतात आणि मग ती चार्ज धरीत नाही. पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचे माप स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक येते, १२.४ च्या खाली आल्यास ती चार्ज करावी. गाडी पूर्ण विश्रांतीत असेल तर आधी वजा व नंतर अधिक बाजूची तार सोडून बॅटरी काढावी, कोरड्या जागी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. चार्जर दुचाकीसाठीचा हवा. बॅटरी पाच अँपिअर-तासांची असेल तर अर्धा अँपिअर प्रवाह पुरेसा. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानातील मोठ्या चार्जरवर ती दिली तर तासाभरात तापून निकामी होते.

दुसरा गैरसमज अधिक पक्का आहे: दर रविवारी दोन मिनिटे गाडी चालू करून ठेवावी. हेतू चांगला, परिणाम उलटा. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले तर ही वाफ बाहेर निघून जाते. दोन मिनिटांत ते तापत नाही. वाफ सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी होऊन बसते. दर रविवारी थोडे, असे सतरा-अठरा रविवार. सायलेन्सर आतून सडतो, तेल पातळ व आंबट होते, आणि बटन दाबताना बॅटरीतून जी वीज गेली ती दोन मिनिटांत भरूनही निघत नाही. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी; नाहीतर तिला अजिबात हात लावू नये. ज्याने वाहन न चालविण्याचा नियम घेतला आहे त्याने जागच्या जागी इंजिन चालू ठेवून काय साधले, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

इंजिन शांत झाले की गाडी इतर जीवांसाठी घर बनते. सायलेन्सरची नळी ही मातीचे घरटे बांधणाऱ्या कुंभारीण माशीला आयतीच जागा मिळते. एअर फिल्टरच्या पेटीत उंदीर कापूस-चिंध्या नेऊन पिले घालतात, सीटखालच्या तारा कुरतडतात. मुंग्या स्विचमध्ये शिरतात, कोळी हवा जाण्याच्या बारीक भोकांत जाळे विणतात. कार्तिकात कोणी काही न पाहता बटन दाबले तर पहिल्या धुराबरोबर काय होते हे सांगण्याची गरज नाही. ज्या जीवांसाठी चार महिने वाहन सोडले त्यांचाच घात शेवटच्या दिवशी घडतो. जैन आचारात ज्याला यतना किंवा जयणा म्हणतात तिचा आणि मराठीतील 'जतन' या शब्दाचा धातू एकच आहे. वस्तूचे जतन आणि जीवाचे जतन या येथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

उपाय जीव आत येण्याआधीच करावयाचा असतो. इंजिन पूर्ण निवल्यावर सायलेन्सरच्या तोंडात कोरड्या सुती फडक्याचा बोळा बसवावा आणि त्याचे लाल टोक लांब बाहेर लोंबत ठेवावे. हँडलला दुसरी लाल चिंधी बांधावी, म्हणजे घरातील दुसरे कोणी चुकून गाडी चालू करणार नाही. आणीबाणीची सूट असलेल्या घरात तर हे फार आवश्यक आहे. अंधारात, घाईत, बोळा काढायची आठवण त्या चिंधीनेच होते. हवा घेण्याच्या तोंडावर तारेची बारीक जाळी दोऱ्याने बांधावी. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्या किडे मारण्यासाठीच असतात. उंदरांसाठी विष ठेवण्याचा तर प्रश्नच येत नाही. उंदीर गाडीसाठी येत नाहीत, सांडलेल्या धान्यासाठी येतात. गाडीच्या आसपासची जागा रोज झाडून घेतली, डिकीत विसरलेली शेंगदाण्याची पुडी काढली आणि गाडी भिंतीपासून हातभर दूर ठेवली की त्यांचे येणे पुष्कळ कमी होते. पंधरा दिवसांनी एकदा चादर उचलून पाहावे. घरटे सुरू होत असेल तर सुरुवातीलाच, अंडी-पिले होण्याच्या आत, जागा मोकळी करता येते.

उभी करण्याआधी इंजिनचे तेल बदलावे. वापरलेल्या तेलात आम्ल व पाणी साठलेले असते आणि चार महिने ते इंजिनाच्या पोटात स्वस्थ बसत नाही. पण त्याहून महत्त्वाचे ते काढलेल्या काळ्या तेलाचे काय करावयाचे. खेड्यात ते दाराच्या चौकटीला लावतात, कुंपणाच्या खांबांना लावतात, उरलेले गटारात ओततात. वढूचे गटार असो की ओढा, पाणी शेवटी भीमेला मिळते आणि भीमा पुढे दौंडकडे जाते. जमिनीवर ओतलेल्या तेलात किती मुंग्या चिकटून मरतात हे कोणीही दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावे. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते त्याच डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, अधिकृत सर्व्हिस केंद्रात द्यावे. तेल तेथेच बदलून घेतले तर हा खटाटोपच नको.

चेन स्वच्छ करून, कोरडी करून तिला नव्वद नंबरचे गिअर ऑइल लावावे. गाडी धुतली असेल तर चार-पाच किलोमीटर फिरवून, सर्व सांधे सुकवूनच उभी करावी. डबल स्टँड असेल तर तो लावावा, नसेल तर साइड स्टँडखाली फळी ठेवून पंधरा दिवसांनी चाक थोडे फिरवावे, एरवी टायर एकाच जागी चपटा होतो. हवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल मापापर्यंत भरावी. ब्रेकच्या चकतीला तेलाचा हात लावू नये. हे सारे एका सकाळचे काम आहे.

कागदपत्रांकडे व्यापारी माणसाने तरी दुर्लक्ष करू नये, पण होते ते तेथेच. महाराष्ट्रात दुचाकीचा रस्ताकर एकदाच भरलेला असतो, त्यामुळे गाडी चार महिने बंद ठेवली म्हणून त्यात काही वाचत नाही. विमा वाचवावा असे मात्र काहींना वाटते. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा मिळालेला असतो. म्हणून 'विमा आहे' अशी समजूत राहते. परंतु चोरी, आग आणि पूर यांची भरपाई देणारा स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा वर्षाचाच असतो. नेमकी हीच तीन संकटे उभ्या गाडीवर येतात. शिवाय तो भाग संपून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर दावा न केल्याबद्दल मिळणारी, ५० टक्क्यांपर्यंत चढलेली सवलत शून्यावर येते. चातुर्मास साधारण १२० दिवसांचा. विमा आषाढात संपला आणि 'कार्तिकात पाहू' म्हटले, तर मुदत आश्विनातच निघून जाते. प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्रही त्याच काळात संपत असेल तर गाडी बाहेर काढल्यावर पहिला फेरा तिकडे असावा.

गाडी बाहेर काढण्याचा दिवस घाईचा नसावा. दसऱ्याला तिची पूजा उभ्या जागी, झेंडूचा हार घालून होतेच. इंजिन चालू केल्यावाचून पूजा अपुरी राहत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर भर उजेडात चादर काढावी. प्रथम लाल चिंध्या, मग जाळी, मग सायलेन्सरचा बोळा. नळीत बॅटरी-दिव्याचा उजेड टाकून पाहावे, सीट उघडून पाहावी, एअर फिल्टरची पेटी उघडून पाहावी. एखाद्या जीवाने तरीही बिऱ्हाड केले असेल तर गाडी आणखी काही दिवस उभी राहू शकते. बॅटरी लावताना आधी अधिक, नंतर वजा. टायरची हवा, तेलाची पातळी, खाली कोठे गळती आहे का हे पाहून मगच इंजिन चालू करावे आणि ते पाच मिनिटे सौम्य चालू द्यावे.

ब्रेकच्या चकतीवर चार महिन्यांचा पातळ गंज असतो. पहिल्या किलोमीटरभर ब्रेक हवा तसा धरीत नाही आणि टायरही थोडा उडतो. म्हणून पहिली फेरी गावाच्या आतल्या रस्त्यावर, हळू, दर थोड्या अंतराने ब्रेक दाबून पाहत घ्यावी. कोरेगाव भीमाच्या महामार्गावर आणि पहाटेच्या अंधारात ती घेऊ नये. त्याच दिवसांत साधु-साध्वींचे विहार सुरू झालेले असतात आणि ती मंडळी रस्त्याच्या कडेने पायी चालत असतात.